स्वयंपाकघरातलं दौलताबाद

लग्न होऊन मी औरंगाबादला आले तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतींना दोन भोकं होती. एक उगवतीच्या भिंतीला, एक मावळतीच्या. दोन्ही समोरासमोर, कमरेच्या उंचीवर, मांजर आरामात जाईल एवढी. मी विचारलं, "ही कसली हो?" आमचे हे खाली बघत म्हणाले, "हवेला."

मी येवल्याची. म्हणजे इंग्रजी मुलखातली. त्यात इंग्रजी तीन इयत्ता शिकलेली, त्यामुळं मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या लोकांविषयी मला सगळं ठाऊक होतं. हे लोक हवेसाठी भिंतीला कमरेवर भोकं पाडत असतील, यावर माझा जागच्या जागी विश्वास बसला. आईला मी कौतुकानं कळवलंसुद्धा, की इकडची माणसं मागासलेली असली तरी हवेच्या बाबतीत फार पुढं आहेत.

आठवडाभरात सुतार आला. त्याच्या मागं आमचे घरमालक. उंच, वाळकी अंगकाठी, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, हातात एक दोरा. सुतारानं एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत माझ्या स्वयंपाकघरातून एक लांबलचक फळी ठोकली. चुलीच्या पलीकडून, पाण्याच्या हंड्यांच्या डोक्यावरून. फळीवर पत्र्याच्या पट्ट्यांचे दोन रूळ. मालकांनी दोरा लावून फळी सरळ आहे का बघितलं, मग माझ्याकडं वळून मान लववली आणि म्हणाले,

"मुबारक हो. आजपासून तुम्ही दौलताबाद."

मला वाटलं हा माणूस वेडा आहे. हे माझं पहिलं मत. ते पुढं कितीतरी वेळा बदललं, पण दर वेळी फिरून तिथंच यायचं.

मालकांनी हे घर स्वतः बांधलं होतं, स्टेशनपासून जवळ, उस्मानपुऱ्यात. घर कसलं, फलाटच तो. एका रांगेत तीन बिऱ्हाडांच्या खोल्या आणि पुढं लांब ओसरी. घर असं का बांधलं, ते मला फळी ठोकल्यावर कळलं. या टोकाच्या ओसरीवर मनमाड. मग माझं स्वयंपाकघर, म्हणजे दौलताबाद. पलीकडं मालकांची बैठकीची खोली, ती औरंगाबाद. आणि पार तिकडच्या टोकाला हिमरू विणणाऱ्या चाचांची मागाची खोली, ती जालना. मधली स्टेशनं गाळली होती. त्याचं मालकांना फार वाईट वाटायचं. लासूरसाठी त्यांनी आमची निजायची खोली मागितली होती. आमचे हे देणार होते. मी तेव्हा पहिल्यांदा घरात आवाज चढवला.

मालक जन्मभर स्टेशनवर होते, पण रेल्वेत नव्हते. ते होते करोडगिरीत. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर निजाम सरकारचा कर बसायचा, तो वसूल करणारं ते खातं. गाड्या यायच्या, हे लोकांच्या ट्रंका उघडून बघायचे, गाड्या जायच्या. ट्रंकांत त्यांचं लक्ष कधीच नव्हतं. आणि मजा अशी, की हा माणूस स्वतः गाडीत बसू शकत नव्हता. बसला की पोटातलं वर यायचं. सख्ख्या भाच्याच्या निकाहाला जालन्याला निघाले ते बैलगाडीनं, आणि पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. ज्याला गाडीत बसवत नाही त्यानं उभं आयुष्य गाडीच्या नादात घालवावं, आणि त्याच्या नादापायी माझ्या हंड्यांवर फळी यावी!

इंजिनं दोन होती, चावीची. छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतलेली. एक हिरवं, एक काळं. डबे मात्र घरचे. घासलेटच्या आणि बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे कापून मालकांनी स्वतः केलेले, दारं उघडणारे, कड्या लागणारे. सुंदर होते, हे मला आज म्हणता येतं. तेव्हा मी त्यांना "ती डबडी" म्हणायची.

शुक्रवारी सगळ्या कचेऱ्यांना सुट्टी. मालक जुम्म्याची नमाज पढून आले की शेरवानीवर एक खास टोपी चढवायचे. चाचांनी हिमरूच्या उरलेल्या तुकड्याची शिवलेली, जरीची बुट्टी असलेली. जगातल्या कुठल्याच रेल्वेत असली टोपी नसेल. ती डोक्यावर गेली की आम्ही भाडेकरू उरायचो नाही. आमचे हे मनमाड व्हायचे, चाचा जालना, मी दौलताबाद, आणि ते स्वतः औरंगाबाद. खेळ म्हटलेलं त्यांना चालत नसे. "काम सुरू," म्हणायचे.

कामाचा मुख्य कायदा एकच होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रूळ एकच, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या त्याच रुळावरून. मग समोरासमोर येऊन आपटू नयेत म्हणून दर दोन स्टेशनांमध्ये एक लाकडी गोळा होता, लिंबाएवढा, लाल रंगवलेला. ज्या स्टेशनाच्या हातात गोळा, त्यानंच गाडी सोडायची. गाडीबरोबर गोळा पुढच्या स्टेशनावर जायचा, आणि मग तो ज्याच्या हातात पडला त्याची पाळी. गोळा नाही तर गाडी नाही. निजाम सरकार स्वतः येऊन म्हणाले तरी नाही. गाडी सोडण्याआधी दोरी ओढून पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवायची, तिकडून उत्तराची घंटा आली की मग चावी. चावीचे फेरेसुद्धा मोजून. कमी पडले तर गाडी भिंतीतल्या भोकातच थांबायची. माझी हमखास थांबायची. मग मी फुंकणी घेऊन तिला ढोसायची, आणि पलीकडून मालकांचा आवाज यायचा,

"दौलताबाद! गाडीला काठीनं मारत्यात का? बकरी आहे का ती?"

"ती अडकलीय!"

"अडकली नाही. तुम्ही भूखी पाठवली. परत घ्या, चावी भरा, पुन्हा सोडा. देर की माफी है, गलती की नहीं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की ते मला भाकरी थापताना ऐकू यायचं.

घड्याळाचं आणखी वेगळंच. मालकांनी भिंतीवर एक मोठं घड्याळ टांगलं होतं. त्यात यंत्र नव्हतं. काटे ते स्वतः फिरवायचे, आणि भराभर, कारण एका दुपारी त्यांना अख्ख्या दिवसाच्या गाड्या चालवायच्या असायच्या. "दहा वाजले!" म्हणून ओरडायचे. मी चुलीवर भात चढवेपर्यंत "संध्याकाळ झाली!" भाताला कढ येईपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला. त्या घड्याळाप्रमाणं माझा भात दीड दिवस शिजायचा. एकदा आमच्या ह्यांनी मनमाडवरून विचारलं, "अगं, जेवण कधी?" तर मालकच म्हणाले, "उद्या." तेव्हा मी पळी आपटली होती.

पाहुण्यांनाही बोलवायचे. कधी एखादे हकीम, कधी शाळेतले मास्तर. मोठ्या अदबीनं या म्हणायचे, चहा टाकायचे, नानखटाई मांडायचे, आणि शेवटची गाडी जालन्याला पोचेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चहा गार, नानखटाई मऊ. शेवटची गाडी म्हणजे चाचांच्या हातात; आणि चाचांचा एखादा धागा तुटला की ते आधी धागा सांधायचे, मग गाडी घ्यायचे. मालक ओसरीवरून हाका मारायचे, "जालना! जालना!" चाचा आतून म्हणायचे, "हौ साब, जालना इधरीच है. कहाँ जाता जालना?" असा एकदा आलेला पाहुणा पुन्हा म्हणून त्या गल्लीतून जायचा नाही.

बाकी दिवसही सुटका नव्हती. आम्हाला ते स्टेशनाच्याच नावानं हाक मारायचे. एकदा गुलमंडीवर मी सासूबाईंबरोबर बांगड्या भरायला गेले होते. सासूबाई गंगापूरच्या, दोन दिवसांसाठी आलेल्या. भर बाजारात पलीकडून हाक आली, "दौलताबाद! ओ दौलताबाद! काल तुमची मालगाडी सात मिनिटं लेट!" सगळी गुलमंडी वळून बघायला लागली. सासूबाईंनी विचारलं, "हा कुणाला बोलतोय गं?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक." तेवढ्यात ते रस्ता ओलांडून जवळ आले, सासूबाईंना सलाम केला आणि म्हणाले, "बाई, आपली सून हुशार आहे, पण चावी कमी देते." त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मी उशीत तोंड खुपसून रडले. माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं असं मला खरोखर वाटलं होतं. तेव्हा ते आठवड्यातून दोनदा तरी उद्ध्वस्त व्हायचं.

सोवळ्याचा प्रकार तर विचारू नका. चाचांच्या मागाच्या खोलीतून निघालेलं इंजिन थेट माझ्या चुलीपाशी यायचं. सासूबाई म्हणाल्या, "हे चालायचं नाही." मी शिकलेली सून, मी तोड काढली. जालन्याहून आलेल्या प्रत्येक गाडीवर मी तांब्यातून पाणी शिंपडायची. आपल्या हुशारीवर मी इतकी खूश होते की शिंपडताना पुटपुटायचीसुद्धा. पावसाळा संपेपर्यंत काळ्या इंजिनाच्या चाकांना गंज चढला. मालकांनी इंजिन उलटं करून बराच वेळ बघितलं. मग चाचांकडून चिंधी आणि तेलाची बाटली मागवून माझ्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "पाक-साफ करायची असंल तर तेलानं करा. अल्ला आणि तुमचे देव, दोघांना चालंल. लोखंडाला पाणी चालत नाही." त्या दिवसापासून मी इंजिनाला तेल घालायला लागले आणि सासूबाईंना सांगितलं की तूप आहे.

असं दोन वर्षं चाललं. मी रोज म्हणायची, हा माणूस जाईल तर बरं. आणि मग एके दिवशी त्याला न्यायला खरंच कुणीतरी आलं.

त्या म्हणजे मालकांच्या थोरल्या बहीण. हैदराबादच्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. आपा टांग्यातून उतरल्या तशी मालकांची उंची दोन बोटं कमी झाली. मालकांना बायको-मुलं नव्हती; बायको लवकर वारली होती. नात्यागोत्यात बोलवा झाला होता, की हा एकटा राहून भ्रमिष्ट झाला, भाडेकरूंना आगगाडी आगगाडी खेळायला लावतो. आपा त्याला कायमचं घेऊन जायला आल्या होत्या. घराला कुलूप लावणार नव्हत्या, भाडेकरूंना काढणार नव्हत्या. फक्त भाऊ आणि त्याची ट्रंक, एवढंच उचलणार होत्या. आणि नेणार गाडीनं. रात्र आणि दिवसाचा प्रवास. हे ऐकल्यापासून मालकांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

आपा पहिल्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, पानाचा डबा घेऊन चुलीपाशी बसल्या. बायकांच्या हिशेबानं त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. फळीकडं बोट दाखवून म्हणाल्या,

"ये क्या है, बेटी?"

"दौलताबाद," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"या अल्ला. तेरेकू भी लगा दिया क्या इसने?"

मग मी जे सुरू झाले! फळी, घंटा, गुलमंडी, दीड दिवसाचा भात. सगळं सांगितलं. आपा अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होत्या, मधूनच "तौबा" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू फिकर नक्को कर. मैं इसकू लेके जाती. बढई कू बोलके जाती, वो दूसरे दिन आके ये फळी निकालता, और दीवार के दोनों छेद बुझाता. तेरा बावरचीखाना तेरा."

त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

मालकांनी आपांना एकच विनंती केली. जाण्याआधी एक शुक्रवार बघा. एकदा बघा, मग म्हणाल तर चालतो. आपा म्हणाल्या, "देखती. पागलपन होगा तो ले जाऊँगी. कुछ अक्कल का काम होगा तो छोड़ दूँगी. मंजूर?" मालक म्हणाले, "मंजूर."

तो आठवडा! मालकांनी आम्हाला रोज बोलावून तालीम घेतली. चाचांना बजावलं, शुक्रवारी माग बंद. चाचा म्हणाले, "साब, आपके वास्ते बंद. और किसी के वास्ते नहीं करता." आमच्या ह्यांनी घरी येऊन मला हात जोडले. "हे बघ, तुला काय वाटतं ते वाटू दे. पण त्या दिवशी एक चूक करू नकोस. म्हातारा गाडीत बसून हैदराबादला पोचायचा नाही. मधेच संपेल." मी म्हटलं, "मी कशाला चूक करू? मी नीट करणारच आहे." आणि मी खरं बोलत होते. मला त्याला जाऊ द्यायचं होतं, पण माझ्या चुकीनं नव्हे. माझ्या स्टेशनाचं नाव खराब होऊन मुळीच नव्हे. बघा म्हणजे, ती टोपी नुसती त्याच्याच डोक्यावर नव्हती.

शुक्रवार आला. बैठकीच्या खोलीत दारापाशी बांबूच्या काड्यांची चिक सोडली, तिच्यामागं आपा बसल्या. मालकांनी शेरवानी धुवून घातली होती. काटे फिरवले, "सहा वाजले!" म्हणाले, आणि काम सुरू झालं.

आणि काय सांगू, इतकं नीट ते कधीच झालं नव्हतं. मनमाडहून गाडी आली, माझ्याकडं थांबली, घंटा, उत्तर, गोळा, चावी, पुढं गेली. भोकात थांबली नाही. चाचांनी घंटेला घंटा दिली. मालक एकदाही ओरडले नाहीत. मी चुलीवरची कढी उतरवून फळीखाली ठेवली होती, तीसुद्धा वेळेवर. दुपार अर्धी सरली, आणि चिकेमागून एक हूं की चूं नाही.

आता पाळी अशी होती. मनमाडहून आलेली पॅसेंजर माझ्यापाशी उभी, तिला हिरवं इंजिन. औरंगाबादचा लाल गोळा माझ्या हातात. आधी माझी पॅसेंजर औरंगाबादला जाणार. तिथं रूळ दोन होते, त्यामुळं मालकांची जोंधळा भरलेली मालगाडी तिथं बाजूला उभी राहायची. माझी गाडी पोचली, तिच्यातून गोळा मिळाला, की मग ती मालगाडी माझ्याकडं निघायची. रोजचंच. झोपेत केलं असतं.

मी घंटेची दोरी धरली, तेवढ्यात पलीकडून आपांचा आवाज आला. आठवडाभरात त्या भावाशी नीट बोलल्या नव्हत्या. आणि आता चिक बाजूला सारून विचारत होत्या,

"ये ज्वार की गाड़ी... ये जाती किधर?"

बस. एवढाच प्रश्न. मालकांना त्यांच्या नात्यातल्या कुणी आजवर विचारला नसावा. ते गोळा विसरले, घंटा विसरले, घड्याळ विसरले. मला भिंतीपलीकडून चावीचा आवाज आला. फिरवतायत, फिरवतायत, थांबतच नाहीत. "दौलताबाद, आपा! दौलताबाद जाती! देखो!"

आणि सोडली.

माझ्या हातात गोळा. माझ्या रुळावर पॅसेंजर. आणि भिंतीच्या भोकातून काळं इंजिन घरघरत बाहेर आलं.

त्या वेळी अक्कल असलेल्या कुठल्याही बाईनं काय केलं असतं? हात पुढं करून इंजिन उचललं असतं. शेरभर वजन नव्हतं. पण चालत्या गाडीला हात लावायचा नाही, हा मालकांचा दुसरा कायदा, आणि दोन वर्षांत तो माझ्या हाडात गेलेला. मी काय केलं? माझं लाल लुगडं होतं. मी पदर सोडला आणि गाडीसमोर हलवायला लागले. थांब! थांब! आत चालवणारा कोण? कुणी नाही. चावीचं पत्र्याचं इंजिन. आणि मी, इंग्रजी तीन इयत्ता, त्याला लाल पदर दाखवतेय.

थांबलं नाही. येऊन आपटलं. जोंधळ्याचे डबे फळीवर उलथे झाले, जोंधळा सगळ्या स्वयंपाकघरात, आणि माझं हिरवं इंजिन फळीवरून घसरून खाली कढीच्या पातेल्यात.

मी ते कढीतून काढलं. एका हातात ते निथळतंय, दुसऱ्या हातात लाल गोळा, पदर खांद्यावर नाही, आणि मी तरातरा बैठकीच्या खोलीत शिरले. आपा बसल्यात, चाचा दारात येऊन उभे, आमचे हे मागून "अगं, अगं" करतायत. मला कुणी दिसत नव्हतं.

"गोळा कुठं आहे, औरंगाबाद?" मी विचारलं.

मी त्यांना कधी स्टेशनाच्या नावानं हाक मारली नव्हती. मालकांनी स्वतःच्या गोळ्याच्या वाटीकडं बघितलं. ती रिकामी होती.

"आपके पास," ते हळूच म्हणाले.

"मग गाडी कशी सोडली?"

मालकांनी वाटी उलटी करून बघितली.

"घंटा दिली? मी उत्तर दिलं? माझी पॅसेंजर उभी होती! माणसं असती तिच्यात तर? रोज मला शिकवता, आणि स्वतः? ही बघा गाडी! ही कढी बघा!"

"बस कर गं," आमचे हे कळवळून म्हणाले. ते आपांकडं बघत होते. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसले. ज्या दिवशी एक वावगा शब्द निघायचा नव्हता त्या दिवशी मी बहिणीसमोर भावाची लक्तरं काढली होती. आता तो जाणार.

मालकांनी हिमरूची टोपी काढली. दोन्ही हातांनी स्टुलावर ठेवली. ताठ उभे राहून म्हणाले,

"दौलताबाद की शिकायत सही है. मैं अपने आपकू मुअत्तल करता."

मुअत्तल म्हणजे चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. कचेरीतला शब्द. एवढं बोलून ते बाहेर गेले आणि अंगणातल्या कडुलिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. घड्याळाचे काटे जिथं होते तिथंच राहिले.

आपा उठल्या, चिकेपाशी जाऊन म्हणाल्या, "हो गया खेल? मैं देख ली. चल, सामान बाँध. कल की गाड़ी है."

"नहीं आ सकता, आपा," बाकावरून आवाज आला.

"कायकू?"

"मुअत्तल मुलाजिम सदर मुकाम छोड़ के नहीं जा सकता. कायदा है."

"किसका कायदा?"

"सरकारी. मैं उम्रभर सरकारी नौकरी किया. मेरेकू मालूम है."

"और ये मुअत्तली कब तक चलती?"

"जब तक शिकायत है. शिकायत करने वाला वापस ले ले तो खत्म. फिर आप बोलो वहाँ चलता." आणि नियम पुरा करायला म्हणून म्हणाले, "वापस लेना या नहीं, उनका इख्तियार है. मैं कुछ नहीं बोल सकता."

आपांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडं वळल्या. माझ्या हातात अजून इंजिन निथळत होतं.

"बेटी, बोल दे. एक लफ्ज का काम है. शिकायत वापस. कल मैं इसकू ले जाती, परसों तेरी फळी निकलती."

मी दारातून बाहेर बघितलं. मालक माझ्याकडं बघत नव्हते. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत बसले होते. चाचा जाऊन बाकामागं उभे राहिले होते आणि लिंबाचं झाड बघत होते, जसं काही ते आजच उगवलं. आमचे हे माझ्याकडं बघत होते.

घरातले लोक ही गोष्ट सांगताना सांगतात, की तेव्हा मला त्यांची दया आली. चांगली गोष्ट आहे, मी कधी मोडत नाही. पण खरं सांगायचं तर मला दया बिया काही आली नव्हती. माझी कढी गेली होती, माझं हिरवं इंजिन गेलं होतं, आणि चूक त्यांची होती. शिकायत खरी होती. ती मी मागं का घ्यायची? मागं घेतली म्हणजे चूक माझीच होती असं झालं असतं. रोज माझ्या चावीवरून मला बोलतात!

"मी नाही मागं घेणार," मी म्हटलं.

"फळी?" आपा म्हणाल्या.

"फळी फळीच्या जागी. आधी ह्यांची चौकशी होऊ द्या."

"चौकशी कौन करेगा?"

"ते बघू. घाई काय आहे?"

आपा मग खाली बसल्या, पानाचा डबा उघडला, एक विडा अगदी सावकाश लावला आणि माझ्या हातावर ठेवला. इंजिन त्या हातात होतं. त्यांनी ते स्वतः काढून घेतलं, आपल्या ओढणीनं कढी पुसली, आणि स्टुलावर टोपीशेजारी ठेवलं.

"इसकू तेल लगाते ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "लगाते."

दुसऱ्या दिवशी आपा एकट्या गेल्या. त्यानंतर दर वर्षी यायच्या, आंबे घेऊन. उतरल्या उतरल्या मला विचारायच्या, "शिकायत?" मी म्हणायची, "कायम." "चौकशी?" "चालू." मग आत जाऊन बुरखा काढायच्या.

आता यात माझं काय झालं ते ऐका. औरंगाबादचा स्टेशनमास्तर मुअत्तल. मनमाड सोडून ह्यांना येता येईना, चाचांना धागे. मग औरंगाबाद सांभाळायचं कुणी? ज्यानं शिकायत केली त्यानं. दर शुक्रवारी मी दौलताबादहून गाडी सोडायची, आणि पदर खोचून, ओसरीवरून पळत, गाडीच्या आधी औरंगाबादला पोचायची, ती उतरवून घ्यायला. स्वतःच घंटा द्यायची, स्वतःच उत्तर. काटे मी फिरवायचे. चहा मी टाकायचा. भात आता दोन दिवस शिजायला लागला.

आणि मालक? ते बाकावर. टोपीला कधी हात लावला नाही, कायदा म्हणजे कायदा. पाय लांब करून, लिंबाच्या सावलीत, शेरवानीचं वरचं एक बटण काढून बसायचे. इतका निवांत माणूस मी औरंगाबादेत दुसरा बघितला नाही. आणि मी ओसरीवरून धावताना दिसले की तिथून सुरू.

"दौलताबाद, गाडी निघाली, तुम्ही अजून इथंच? औरंगाबाद, सिग्नल! औरंगाबाद, झोपलात का?"

"तुम्ही मुअत्तल आहात ना?" मी धापा टाकत ओरडायची.

"हौ. बराबर आहे. चावी कमी दिलीत."

मुअत्तल माणसानं सदर मुकाम सोडायचा नाही, हा कायदा होता. मुअत्तल माणसानं तोंड बंद ठेवायचं, असाही एखादा असेल म्हणून मी ह्यांच्याकडून कचेरीत तीनदा चौकशी करवली. नव्हता.